तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशी पैसा का सोडला?

लग्नात भेटा, बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूरच्या स्टँडवर भेटा, प्रश्न एकच: “तुमच्या संस्थेला बाहेरून एवढा पैसा येत होता, नको कशाला म्हणालात?” काहींच्या सुरात ‘माज आला काय’ हेही असतं. एकदा सगळं सांगते.

त्या पैशाने कामं झाली, हे आधीच कबूल. शिलाई मशिनी आल्या. त्यांतल्या काही अजून चालतात आणि त्यांच्यावर मुलींच्या कॉलेजच्या फिया भरल्या गेल्या. ते फुकट गेलं असं मी कधी म्हटलेलं नाही.

पण 2016 चा जानेवारी. कणकुंबीच्या बाजूचं गाव, समाजमंदिर, मशिनींना झेंडूचे हार. देणाऱ्या संस्थेचे दोघे आले होते आणि दुभाषी मी. सगळ्या बायकांनी आभार मानले. मग एक आक्का उठल्या. म्हणाल्या, “आम्ही नाल्यावर साकव मागितला, तुम्ही मशिनी धाडल्या. पावसात सुनेला घोंगडीत घालून नेत होतो, पाणी चढलं, अलीकडेच थांबलो. पोर गेलं.”

मी इंग्रजीत सांगितलं: त्या आभार मानतात. रस्त्याची सोय झाली तर मशिनींचा आणखी उपयोग होईल, असं म्हणतात.

पाहुणे हसले. टाळ्या वाजल्या. एकाने आक्कांचे हात हातात घेऊन फोटो काढून घेतला. आक्का माझ्याकडे वळल्या. “पोर गेलं म्हणून सांगितलं मी. हे हसूलालेत कशाला गे?”

मी म्हटलं, त्यांना बरं वाटलं. आक्का खाली बसल्या. चहा आला, त्यांनी कपाला हात लावला नाही.

पुढचा हप्ता अडकला होता, सात कार्यकर्त्यांचे दोन महिन्यांचे पगार थकले होते. तेव्हाची मी मला आजही हेच ऐकवते: मंजूर आराखड्यात साकव नव्हताच, खरं सांगून काय मिळणार होतं? तिला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण त्या दोघांच्या कानावर मी ते जाऊच दिलं नाही. कदाचित त्यांनी ऐकलं असतं. मग दोष त्यांना कुठल्या तोंडाने देऊ?

मदत नव्हे, भागीदारी, हे तेव्हा नवीन नव्हतं. देणाऱ्या-घेणाऱ्या देशांच्या 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्यात घेणाऱ्या देशाची मालकी आणि दोन्ही बाजूंचं उत्तरदायित्व लिहिलेलं आहे. 2011 मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानच्या परिषदेत तर नावच भागीदारी ठेवलं. आमच्याही कागदांत ‘लाभार्थी’ खोडून ‘भागीदार’ आलं. तिमाही अहवाल मात्र आम्हीच पाठवायचा, देणाऱ्यांचा हिशेब आमच्या बायकांपुढे कधी आला नाही. शिवाय मालकी देशाची, म्हणजे सरकारची. इथे सरकारी कागद कन्नडमध्ये, अहवाल इंग्रजीत आणि आक्का बोलणार मराठीत. त्यांची मालकी कुठल्या रकान्यात बसवायची?

बाणेदारपणे त्याच दिवशी पैसा सोडला, असं समजू नका. आणखी दोन वर्षं घेतला. 2018 ला नको म्हटलं. तो पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेमार्फत यायचा. 2020 मध्ये परदेशी देणगीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने दुसरीला असा पैसा देणंच बंद झालं. म्हणजे तो थांबणारच होता. तो थांबला नसता तर आम्ही नेटाने नाही म्हणत राहिलो असतो का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आता आपला देशही देणाऱ्यांत आहे. परदेशातल्या लोकांना प्रशिक्षण देण्याचा आपला आयटेक कार्यक्रम 1964 पासूनचा. तिकडच्या एखाद्या गावात आपले पाहुणे बसलेले असतील, शेजारी माझ्यासारखीच कुणी दुभाषी उभी असेल. ती काय गाळत असेल, हा विचार मला झोपू देत नाही.

यंदा त्याच परदेशी संस्थेचं पत्र आलं: पैशाचं नंतर बघू, आधी एकत्र बसून काम ठरवू या, तुम्हाला काय वाटतं ते कळवा. मी ते आक्कांना अक्षरन् अक्षर मराठीत वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “जानेवारीत येऊ नका म्हणून लिही. जुलैत या. नाला बघा, मग बोलू.”

तेवढंच लिहिलं. आभाराचं एक वाक्य घालावंसं वाटत होतं, घातलं नाही. उत्तर अजून आलेलं नाही.