जंगलात हाताने खणलेली खोली आणि पाण्याची वाट

जंगलात जमिनीखाली निवारा बांधायचा आणि तोही यंत्राशिवाय, असे ठरवले तेव्हा खरे काम खोदण्याचेच असणार, असे मी धरून चाललो होतो. दोन वर्षे कुदळ, पहार आणि घमेले हाताळल्यानंतर आज मी सांगेन की खोदणे हा त्यातला सर्वांत सरळ भाग आहे. उरलेले जवळजवळ सगळे काम पाण्याला वाट काढून देण्याचे असते.

हे मला पहिल्या खड्ड्याने शिकवले. जमीनमालकाची परवानगी घेतली, सखल भागातली मऊ, भुसभुशीत जागा निवडली, आणि चार दिवसांत कमरेच्या वर खोली गाठली. उपसलेली माती आम्ही काठालाच टाकत गेलो, कारण दूर नेण्याचा कंटाळा आला होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी काठापासून दीड वीत अंतरावर, काठाला समांतर जाणारी एक बारीक भेग मला दिसली होती. मी तिच्यावर पाय देऊन पाहिले, ती हलली नाही, म्हणून मी घरी गेलो. रात्री पाऊस झाला आणि सकाळी ती सबंध भिंत खड्ड्यात बसलेली होती. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून जास्त भरते, आणि छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही, कारण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर माती तेवढी आणखी आवळत जाते. त्या वेळी खड्ड्यात कोणी नव्हते, एवढेच.

दुसरी जागा निवडायला मी दोन महिने घेतले, आणि ते दोन महिने वाया गेले असे मला एकदाही वाटले नाही. उताराचा वरचा भाग पाहिला, मोठ्या झाडांपासून दूर असलेली मोकळी जागा पाहिली, कारण झाडाची बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात आणि जाड मुळे तोडली की उभ्या झाडाचा आधारच जातो. मेलेल्या मुळांकडेही लक्ष द्यावे लागते. मूळ कुजले की त्याच्या जाडीची पोकळ नळी मातीत उरते आणि पावसाचे पाणी तिच्यातून थेट भिंतीत उतरते. मग नियोजित तळापेक्षा दोन फूट खोल असा एक अरुंद चाचणी-खड्डा घेतला आणि चांगला पाऊस होऊन गेल्यावर त्यात पाणी साचते का, हे कित्येक दिवस पाहत राहिलो. बाहेर काढलेल्या मातीचा रंगही बरेच काही सांगतो: निळसर-राखाडी मातीत गंजाच्या रंगाचे ठिपके दिसले, तर वर्षातला काही काळ तिथे पाणी तुंबून राहते, मग खड्डा त्या दिवशी कितीही कोरडा असो. पहिल्या जागेच्या ढिगाऱ्यात असे ठिपके होते, पण ते वाचायला मला येत नव्हते. माती काचेच्या बरणीत पाण्याबरोबर हलवून ठेवली की वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत आणि चिकणमाती दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ घेते. त्या थरांच्या जाडीवरून भिंत किती वेळ उभी राहील याचा अंदाज बांधता येतो.

माणसाने हे सारे फार पूर्वी ओळखले होते. काश्मीरमधील बुर्झाहोम येथे नवाश्मयुगातील लोकांनी तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असे खड्डे खणून, भिंती मातीने लिंपून त्यांत वस्ती केली, असे पुरातत्त्वज्ञ सांगतात. ती जागा पुराच्या सपाटीहून उंच पठारावर आहे आणि खड्ड्यांच्या तोंडाभोवती खांबांची भोके सापडली आहेत, म्हणजे वर छप्पर होते. दुसऱ्या महायुद्धात, आजच्या बेलारूसमधील नालिबोकी जंगलात बिएल्स्की बंधूंच्या नेतृत्वाखाली लपलेले ज्यू लोक जमिनीत अर्धवट रुतलेल्या, ओंडक्यांच्या छपरांच्या घरांत राहिले, आणि १९४४ मध्ये बाहेर पडले तेव्हा ते १,२०० हून अधिक होते. कडाक्याच्या थंडीत, हातच्या अवजारांनी त्यांनी हे उभारले, हे आठवले की माझ्या हातांवरच्या फोडांबद्दल बोलावेसे वाटत नाही.

आमचा खड्डा ३ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि १.८ मीटर खोल ठरला, म्हणजे सुमारे १३ घनमीटर, वीस टनांच्या आसपास माती, हजाराहून अधिक घमेली. उपसलेली माती फुगते आणि जमिनीत असताना होती त्यापेक्षा साधारण पाव पट जास्त जागा घेते, त्यामुळे तिची जागा आधीच ठरवलेली बरी. या वेळी ढीग काठापासून चांगला दूर ठेवला. खोली सव्वा मीटरच्या पुढे गेल्यावर भिंतींना फळ्या आणि आडव्या टेकूंचा आधार दिल्याशिवाय आम्ही कोणीही आत उतरलो नाही, आणि आत एक जण असेल तेव्हा वर एक जण उभा राहील, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

छपराचे वजन लोकांच्या लक्षात येत नाही. भिजलेल्या मातीचा फक्त ३० सेंटीमीटर थर दर चौरस मीटरला ५०० ते ६०० किलो भरतो, म्हणजे आमच्या खोलीवर चार टन. तुळया आखूड बाजूने टाकल्या आणि त्या खड्ड्याच्या काठावर न टेकवता आतल्या खांबांवर टेकवल्या, कारण काठ ढासळला तर त्यावर विसावलेले सगळे खाली येते. गोल ओंडक्याची जाडी दुप्पट झाली की वाकण्याला तोंड देण्याची त्याची ताकद आठपट होते, म्हणून बारीक ओंडके जवळजवळ टाकण्यापेक्षा मोजके पण जाड ओंडके वापरले. प्रत्येकाची साल काढली, कारण सालीखाली ओल धरते आणि किडे तिथेच घर करतात. ओली साल पहारीच्या टोकाने उचलली की लांबच लांब पट्टीत सुटते आणि खालचे लाकूड साबणासारखे गुळगुळीत लागते. वाळलेली साल मात्र नखाएवढ्या तुकड्यांत निघते, दिवसभरात दोन ओंडकेसुद्धा होत नाहीत. छपरावरचा प्लास्टिकचा कागद उताराने अंथरला आणि तो भिंतींच्या बाहेर मीटरभर पुढे नेला, नाहीतर छपरावरून ओघळणारे पाणी बरोबर भिंतीमागेच उतरते. फळ्यांमागच्या पोकळीत खडी भरली, फरशीला एका कोपऱ्याकडे उतार दिला आणि त्या कोपऱ्यात खडीने भरलेला छोटा खड्डा केला. वरच्या अंगाला अर्धचंद्राकार चर खणला, म्हणजे उतारावरून येणारे पाणी खोलीपर्यंत न पोहोचता दोन्ही बाजूंनी निघून जाते.

हवेसाठी दोन नळ्या आहेत: एक फरशीजवळ उघडणारी, दुसरी समोरच्या कोपऱ्यात छताशी उघडून बाहेर उंच गेलेली. आत शेगडी किंवा कोळसा पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही. बाहेर पडण्याचे मार्गही दोन हवेत, हे मी कोणाशीही वाद न घालता सांगेन. एक गोष्ट मला उशिरा कळली: बाहेर उकाडा आणि दमट हवा असताना दार उघडे ठेवले तर खोली वाळत नाही, उलट थंड भिंतींवर त्या हवेतली वाफ थेंब होऊन बसते. त्या दिवसांत मी दार बंद ठेवतो आणि पहाटेच्या गार हवेत उघडतो.

गेल्या आठवड्यात तीन दिवस सलग पाऊस झाला. चौथ्या दिवशी मी उतरून कोपऱ्यातल्या खड्ड्यात काठी घातली, ती चार बोटे भिजून आली. फळ्या कोरड्या होत्या, फक्त दाराशेजारच्या खांबाच्या बुडाशी तळहाताएवढा ओला डाग होता. वरचा चर पानांनी भरून तुंबला होता आणि पाणी नेमके त्याच बाजूने उतरले होते. चर साफ केला आहे, डाग वाळेपर्यंत रोज पाहतो आहे, आणि वाळला नाही तर त्या बाजूची छपरावरची माती काढून कागदाची कड पुन्हा बसवणार आहे.