विटेवरचं नाव

पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर एकदा अक्षर कोरलं की ते खोडता येत नाही. ते घालवायचंच असेल तर अक्षराच्या खोलीएवढा दगड घालवावा लागतो. आमच्या घरात हे तीन पिढ्या सांगत आले. वडील म्हणायचे, टाकी उचलण्याआधी नाव तीनदा वाच आणि चौथ्यांदा ज्याचं आहे त्याच्या माणसाला वाचायला दे. संक्रांतीला, 14 जानेवारी 2025 ला, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात भर समारंभात मला या बोलण्याचा अर्थ कळला.

गावाचं नाव लिहीत नाही, ते का हे पुढे कळेल. काम आलं ते तिथल्या माजी सैनिकांकडून. त्यांचे पुढारी म्हणजे जंगी पलटणीतून, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब. वय सत्तरीच्या पुढं, पाठ अजून ताठ. 1971 च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या युद्धात, जमालपूरच्या लढाईत ते विशीतले शिपाई होते. माझ्या शेडमध्ये आले, उभ्या उभ्याच म्हणाले, "मिस्त्री, गावात स्मारक करायचंय. पण मेलेल्यांचंच नको. जे जाऊन आले त्यांचंबी पाहिजे." तारीखही त्यांनीच ठरवलेली होती. फील्ड मार्शल करिअप्पा 14 जानेवारी 1953 ला निवृत्त झाले, म्हणून तो दिवस आता माजी सैनिकांचा दिवस म्हणून पाळतात. करिअप्पा कोडगूचे, म्हणजे आमच्या कर्नाटकातलेच. त्यात संक्रांत, म्हणजे माहेरवाशिणी आणि नोकरीला गेलेली पोरं सगळी गावात असणार.

मी आधी गाव बघायला गेलो. कुठलंही स्मारक करताना मी जुने दगड शोधतो, कारण प्रत्येक गावात कुणीतरी आपल्या आधी हे काम करून गेलेलं असतं. या गावात महादेवाच्या देवळामागे चिंचेखाली वीरगळ होता, कमरेपर्यंत मातीत गेलेला, तेलानं काळा झालेला. माती काढल्यावर तिन्ही कप्पे दिसले. खाली लढाई, ढालतलवार घेतलेला वीर. मध्ये अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे हे दोघं आहेत तोवर याची कीर्ती. लहानपणी वडील मला हलशीला कदंबांच्या काळातली देवळं बघायला न्यायचे, तेव्हापासून ही भाषा मला वाचता येते. वीरगळ हा शब्दही अर्धा कन्नड आहे, वीर आणि कल्लु, कल्लु म्हणजे दगड. महाराष्ट्रातले वीरगळ बहुधा मुके असतात. कर्नाटकातल्या कितीतरी वीरगळांवर मात्र हळेकन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये, लेख असतो, कुणासाठी लढला, कुठल्या गावच्या गाई सोडवताना पडला. मूर्ती आणि नाव दोन्ही एका दगडावर. मी तिथंच ठरवलं की आपला दगडही असाच करायचा.

वीरगळाशेजारी आणखी एक दगड होता. त्यावर फक्त एक हात, कोपरात वाकवून वर केलेला, मनगटात चुडा. सतीशिळा. तो हात बघून मी बराच वेळ उभा राहिलो. नवरा वरच्या कप्प्यात कैलासाला पोचला, आणि बायकोचा दगडावर एवढा हातच उरला.

आणि चावडीच्या भिंतीत तिसरा दगड होता, संगमरवरी, इंग्रजीत. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत हा दगड आहे, मजकूर सगळीकडे एकच: या गावातून इतकी माणसं 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडा. या गावच्या दगडावर मेलेल्यांचा आकडा पाच होता. म्हातारी माणसं त्यांना 'बसऱ्याला गेलेले' म्हणतात, बसरा म्हणजे इराकातलं बंदर. इराकातच कुतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 ला कुत पडलं, मग कैदेत चालत नेताना आणि पुढे छावण्यांत किती मेले त्याला गणती नाही. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरही तेच झालं. साहेबांची नावं कोरली, हिंदी शिपायांचे पलटणीवार नुसते आकडे घातले. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं 2021 साली त्याबद्दल माफी मागितली. सुभेदारसाहेब चावडीच्या दगडावर बोट ठेवून म्हणाले, "शंभर वर्सं झाली, पाच म्हणत बसलाय ह्यो. कोण पाच, ते सांगीना." घरोघरी विचारून आम्हाला दोन नावं सापडली. तिघांची नाहीत. मी यादीत लिहिलं, 'नाव न सापडलेले तिघे', आणि त्यांच्यासाठी तीन ओळी मोकळ्या सोडल्या.

मूर्तिकाम मी काळ्या पाषाणात केलं, चार महिने लागले. खालचा कप्पा लढाईचाच ठेवला, फक्त ढालतलवारीच्या जागी बंदूक आली. वरच्या कप्प्यात उलटी रोवलेली बंदूक आणि तिच्यावर शिरस्त्राण. दिल्लीत 1972 साली अमर जवान ज्योत पेटली तेव्हापासून हे चित्र लहान पोराला पण कळतं. शिवाय गावातल्या यादीत मराठे आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत, दोन मुसलमान आहेत. वर बंदूक आणि टोप असला की सगळ्यांचं होतं. मधल्या कप्प्याचं मात्र जमेना. अप्सरा मला कोरायच्या नव्हत्या. शेवटी सुभेदारणीनं सोडवलं. चहा देताना सहज म्हणाल्या, "हे सुट्टीला आले की सासूबाई दारातच थांबवायच्या. पायावर पाणी, मग भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या, मग आत." तेच कोरलं. उंबऱ्याबाहेर शिपाई, खांद्यावर होल्डॉल, पायाशी नंबर घातलेली ट्रंक. आत बाई, हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या. तिचा हात मी कोपरात वाकवून वर केला, मनगटात बांगड्या दिल्या, चिंचेखालच्या त्या दगडावर आहेत तशा. ती मात्र पूर्ण उभी आहे, तोंडावर हसू आहे.

मूर्तीच्या दोन्ही बाजूंना नावांच्या ग्रॅनाइटच्या फरश्या. डावीकडे पडलेले, उजवीकडे नोकरी करून परत आलेले, हयात असोत नसोत. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात 2019 साली 25,942 नावं अशीच दगडात लावली. तिथं मी जाऊन उभा राहिलोय, एकेक फरशीला हात लावलाय. इथं प्रत्येक नाव दोनदा, देवनागरीत आणि कन्नडमध्ये. भाषेवरून गावात दोन शब्द होतील असं मला वाटलं होतं, पण सुभेदारसाहेबांनी बैठकीत एवढंच विचारलं की खंदकात कोण कुठल्या भाषेत ओरडतो ते कुणाला ऐकायचंय का. विषय मिटला. कन्नड अक्षरं ग्रॅनाइटमध्ये फार कस काढतात. आपल्या अक्षराला शिरोरेषेचा आधार असतो, तिथं सगळी वळणं.

आता आज्जींबद्दल. डावीकडच्या यादीत 1971 चं एक नाव आहे. लग्नाला वर्ष झालेलं, नवरा जमालपूरला पडला. अठराव्या वर्षी बांगड्या फुटल्या, पोटात मुलगी होती. ती मुलगी, आता नात, असं तिघींचं घर. यादी पोरांनी टाइप करून दिली होती, तरी मी वडिलांच्या शिस्तीनं प्रत्येक घरच्या माणसाला शेडमध्ये बोलावून नाव विचारत होतो. आज्जी आल्या, पदर सावरून बसल्या. मी विचारलं, "आज्जी, आजोबांचं पूर्ण नाव सांगा." त्या हसल्या. "नाव घ्यायचं व्हय रे बाबा मी?" लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, म्हणाल्या. मी गळ घातली तेव्हा म्हणाल्या, "पंढरपुरात विटेवर कोण उभा हाय? त्योच." यादीत तेच होतं, विटेवरच्या देवाचं नाव. नातीनंही मान हलवली. मी खूण केली आणि कोरायला घेतलं.

विटेवरच्या देवाला एकच नाव नाही हे मला, पंढरीच्या वारीला दोनदा गेलेल्या माणसाला, त्या क्षणी सुचलं नाही.

समारंभाची सकाळ थंड होती, धुकं उसावरून हललं नव्हतं. गावचा निवृत्त बिगुलर आला होता. लाइट इन्फंट्रीत बिगुलाला काय मान आहे हे त्यानं बिगुल पुसताना दिसत होतं, पितळेला बोट लागू देत नव्हता. अनावरण आज्जींच्या हातून होणार होतं. त्या दोरीपाशी आल्या आणि थबकल्या. संक्रांतीचा दिवस, बायका नटलेल्या. सुभेदारसाहेबांना हळूच म्हणाल्या, "माझा हात चालंल न्हवं?" इथून फार लांब नाही त्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 साली विधवांवरच्या रूढी बंद करायचा ठराव केला, पण ठराव एका दिवसात मनगटात उतरत नाही. सुभेदारसाहेब काही बोलले नाहीत. एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी आज्जींना कडक सॅल्यूट ठोकला. त्यांच्यामागे सगळ्या माजी सैनिकांचे हात वर गेले. आज्जींनी दोरी ओढली.

लास्ट पोस्ट वाजलं, पडलेल्यांसाठीची बिगुलाची धून. दोन मिनिटं शांतता. मग नावं. सुभेदारसाहेबांनी ठरवलं होतं की एकेक नाव हाजरीसारखं पुकारायचं, आणि ज्याचं नाव येईल त्याच्या घरच्यांनी उभं राहायचं. बसऱ्याच्या दोघांसाठी पणतू उभे राहिले. 'नाव न सापडलेले तिघे' म्हटल्यावर शाळेची तीन पोरं उभी राहिली, त्यांना कुणी शिकवलं होतं मला माहीत नाही. मग 1971. हुद्दा, नंबर, नाव, आडनाव.

आज्जी उठल्या नाहीत.

वाटलं ऐकू आलं नसेल. पुन्हा पुकारलं. नात दंडाला धरून उठवायला लागली. आज्जींनी तिचा हात बाजूला केला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "ते न्हवेत ते."

सगळं गाव गप्प. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण मला एका क्षणात सगळं कळलं. रेशन कार्डावर देवाचं एक नाव लागलं होतं, माणसाचं नाव देवाचंच पण दुसरं होतं. पोरांनी कार्डावरून घेतलं. पलटणीत आडनावानं हाक मारायची पद्धत, म्हणून सुभेदारसाहेबांनीही नंबर आणि आडनाव तपासून सोडून दिलं. आज्जींना वाचता येत नाही. आणि मी कोड्यावर समाधान मानलं होतं.

सुभेदारसाहेब माइक ठेवून त्यांच्यापाशी गेले, गुडघ्यावर बसले. "वैनी, तुम्ही सांगा. तुम्ही सांगितल्याबिगर कळायचं न्हाई."

आज्जींनी डोक्यावरचा पदर नीट केला. दगडाकडं बघितलं. आणि त्रेपन्न वर्षांनी नवऱ्याचं नाव घेतलं. उखाण्यात नाही, नुसतं. नाव, बापाचं नाव, आडनाव. आवाज लहान होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी तिथं जे होते त्यांनी ऐकलं, आणि दगडावर आहे. सुभेदारसाहेब उठले, माइकवर गेले, आणि तेच नाव पुकारलं. आज्जी उभ्या राहिल्या.

समारंभ संपल्यावर मी त्यांच्या पाया पडलो. म्हटलं, चूक माझी आहे, आज्जी, आजच सुरू करतो. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, एवढंच.

दुपारीच शेडमधून ग्राइंडर, टाक्या, पॉलिशच्या चकत्या मागवल्या. चुकलेली अक्षरं जाईपर्यंत ती ओळ दोन्ही लिप्यांत खाली उतरवायची, घासून पुन्हा आरसा करायची, मग नव्यानं कोरायचं. ग्राइंडरनं नुसता उतार दिला, पुढचं सगळं हातानं. काळा दगड घासला की करडा होतो आणि पुन्हा काळा व्हायला तास खातो. संध्याकाळी पोरांनी बल्ब टांगला. आज्जी शाल गुंडाळून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या, धूळ उडते म्हणालो तरी हलल्या नाहीत. या वेळी मी प्रत्येक अक्षर टाकीखाली घेण्याआधी मोठ्यानं म्हणायचो, आणि त्या मान हलवायच्या. एकदा वेलांटीपाशी थांबलो तर म्हणाल्या, "कर की. बरोबर हाय." दुसऱ्या दिवशी दुपारी काम झालं.

पण ती ओळ आता बाकीच्यांपेक्षा अर्धा सूत खोल आहे. उजेड तिरका पडला की खळगी दिसते. कारागिराच्या डोळ्याला ती टोचते. मी सुभेदारसाहेबांना सांगितलं की पैसे नकोत, अख्खी फरशी काढून नेतो, नवी कोरून आणतो, महिन्यात. त्यांनी आज्जींकडं बघितलं.

आज्जी दगडापाशी गेल्या. वरच्या नावांवरून तळहात खाली आणत आणत त्या खळगीपाशी थांबवला.

"राहू दे," म्हणाल्या. "अंधारात बी गावंल मला."