ओल्गाबाईंची खापरे

मंगळवार, रात्री

लेकीने आज रजा काढून ब्रिटिश म्युझियमला नेले. तिला वाटले होते मी ममी बघेन. मी सरळ लाखीशच्या दालनात शिरले आणि दीड तास तिथून हलले नाही. शेवटी ती बिचारी कॉफी प्यायला निघून गेली.

अश्शूरचा (असिरियाचा, आजच्या उत्तर इराकमधल्या) राजा सन्हेरीब याने इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदा या ज्यूंच्या प्राचीन राज्यातले लाखीश शहर जिंकले आणि निनवेतल्या आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर ती सगळी लढाई कोरून घेतली. एकोणिसाव्या शतकात लेयार्ड या इंग्रज उत्खननकाराने त्या शिळा खणून काढल्या, त्या आता इथे आहेत. तटावरून पेटत्या मशाली फेकल्या जाताहेत. खालच्या वेढायंत्रातला एक शिपाई आग लागू नये म्हणून लांब दांड्याच्या पळीने पाणी ओततोय. पुढे बैलगाडीवर बोचकी लादून बायकापोरे गावाबाहेर निघालीत. सिंहासनावरच्या सन्हेरीबाचा चेहरा मात्र कुणीतरी छिन्नीने उडवून टाकलाय. केलेही असेल कुणी सूड म्हणून. मला बरे वाटले, हे इथेच लिहून ठेवते.

पळीवाल्याला नाव नाही. दालनात शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या पोरांना त्यांच्या बाई फक्त राजाबद्दल सांगत होत्या.

बुधवार

पाऊस. दिवसभर घरात. ओल्गा टफनेल या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बाईने लाखीशच्या उत्खननावरून घरी लिहिलेली पत्रे २०२१ मध्ये पुस्तकरूपाने आली, नेटवर फुकट वाचता येतात. चष्मा पुसून पुसून वाचतेय.

ओल्गाचा जन्म १९०५ चा. विद्यापीठाची पदवी नाही. लंडनमध्ये इजिप्तचे उत्खननकार फ्लिंडर्स पेत्री यांच्या संस्थेच्या कचेरीत मदतनीस म्हणून लागली, १९२७ मध्ये इजिप्तला गेली, मग पॅलेस्टाइन. १९३२ मध्ये जेम्स स्टार्की यांनी तेल अद-दुवैर नावाचे टेकाड खणायला घेतले तेव्हा ती त्यांच्या तुकडीत होती. तेच हे लाखीश. पैसा औषधांच्या धंद्यातल्या हेन्री वेलकमचा आणि सर चार्ल्स मार्स्टनचा. टिकाव-घमेली आसपासच्या अरब गावकऱ्यांची आणि भटक्या बेदुइनांची. ओल्गा खापरे बघायची, हिशेब बघायची आणि तळावर येणाऱ्या गावकऱ्यांच्या दुखण्याखुपण्यावर मलमपट्टीही करायची.

हे वाचताना इनामगाव आठवले. घोड नदीचा काठ, १९७० चे दशक, डेक्कन कॉलेजच्या उत्खननावर आलेल्या आम्ही मुली. आमच्या वाट्याला पॉटरी यार्ड. बादलीत खापरे भिजवायची, ब्रशने घासायची, वाळत घालायची आणि मग काळ्या शाईने एकेका तुकड्यावर खड्डा नि थर लिहायचा. चुकीचा थर लिहिला तर ते खापर मेले. पाठीचा कणा आणि बोटांची कातडी दोन्ही जायचे. खड्ड्यात उतरायला मिळाले तर दिवस सोन्याचा! ओल्गाची वीस वर्षे अशीच गेली असणार, या विचाराने मला आज उगाचच ती मावशी-आत्यांपैकी कुणीतरी वाटू लागली.

शुक्रवार

झोप नाही. लिहूनच टाकते.

१० जानेवारी १९३८. जेरुसलेममध्ये नवे पुराणवस्तू संग्रहालय उघडायचे होते. स्टार्की त्यासाठी टेकाडावरून निघाले आणि हेब्रोनजवळच्या रस्त्यावर त्यांना गोळ्या घालून मारले. तेव्हा देशभर अरबांचा उठाव चालू होता. त्याच वर्षी लाखीशचे काम आटोपले. सर गेले. उरले पेट्यांत भरलेले हजारो तुकडे आणि टिपणवह्या. अहवाल कुणी लिहायचा? मग महायुद्ध. लोखंडयुगाचा खंड निघाला १९५३ मध्ये, कांस्ययुगाचा १९५८ मध्ये, दोन्ही ओल्गाचे. खणायला सहा वर्षे आणि लिहायला वीस. (आमच्याकडे असे कितीतरी अहवाल ट्रंकांत पडून आहेत, त्याबद्दल गप्प बसावे.)

खरी गंमत पुढे आहे. टेकाडात वरून दुसरा आणि तिसरा असे दोन थर जळलेले. दुसरा बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमाराला जाळला, यावर वाद नाही. वेशीजवळच्या खोलीत १९३५ मध्ये शाईने लिहिलेली ती प्रसिद्ध खापरपत्रे मिळाली, ती याच थरातली. एका पत्रात चौकीवरचा माणूस वरच्या अधिकाऱ्याला कळवतो की लाखीशच्या जाळाच्या खुणांकडे आम्ही डोळे लावून आहोत, अजेका (जवळचे दुसरे शहर) दिसत नाही. प्रश्न तिसऱ्या थराचा. स्टार्की म्हणत, तोही बाबिलोन्यांनीच जाळला, इ.स.पू. ५९७ मध्ये. म्हणजे दोन आगींत जेमतेम दहा वर्षे.

ओल्गाने खापरे मांडली आणि म्हणाली, नाही. तिसऱ्या थरातली भांडी आणि दुसऱ्या थरातली भांडी यांची घडण एवढी वेगळी आहे की दहा वर्षांत कुंभाराचा हात असा बदलत नाही. तिसरा थर सन्हेरीबाने जाळला, ७०१ मध्ये.

हे तिने सरांच्या उत्खननाच्या, सरांच्या पश्चात काढलेल्या अहवालात छापले! आपल्याकडे सर हयात नसले तरी त्यांची तारीख खोडायला हात धजावत नाही, मी पाहिलेय. पुण्यातच नव्हे, लंडनमध्येही तेव्हा सोपे नव्हते. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ आल्ब्राइट विरोधात. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन विरोधात. केन्यन म्हणजे उत्खननकार मॉर्टिमर व्हीलरसाहेबांची शिष्या. चौकोन आखून, मध्ये मातीचा बांध सोडून, भिंतीतले थर वाचत खाली जायचे ही पद्धत त्या दोघांची. तीच व्हीलरांनी भारतात आणली. आमच्या डेक्कन कॉलेजच्या सांकळियांनी विलायतेत शिकताना मेडन कासल या इंग्लंडमधल्या उत्खननाच्या खड्ड्यात व्हीलरांकडून धडे घेतले होते, आणि त्यांच्यामार्फत ती आमच्या इनामगावच्या चौकोनांत पोचली. आम्हाला केन्यन म्हणजे देव. आणि या एका बाबतीत देव चुकला, पदवी नसलेली खापरवाली बरोबर निघाली.

बरोबर ठरायला वाट पाहावी लागली. १९७३ मध्ये तेल अवीव विद्यापीठाचे डेव्हिड उसिश्किन टेकाडावर आले आणि १९९४ पर्यंत खणत राहिले. अश्शूऱ्यांनी तटाला टेकवून रचलेला दगडांचा उतार, त्याच्या तोंडाशी बाणांची टोके आणि त्या वेढ्याला जुळणारा जळका तिसरा थर. सन ७०१. वाद मिटला तेव्हा ओल्गा हयात होती. १९८५ मध्ये गेली. मला हे कळल्यावर उठून पाणी प्यावे लागले.

रविवार

अलिबागची माझी कॉलेजातली मैत्रीण बेने इस्रायली, लग्नानंतर इस्रायलमधल्या अश्दोदला गेली. इनामगावला माझ्या शेजारी बसून तीही खापरांवर नंबर टाकायची. तिला व्हॉट्सॲपवर लाखीशचे विचारले तर म्हणते, ‘‘अगं, आमच्यापासून तासाभरावर. नातवंडांना घेऊन गेले होते. खाली द्राक्षांचे मळे, अगदी नाशिकच बघ.’’ फोटो पाठवले. उन्हात पिवळे टेकाड, वर चढताना धापा टाकणारी ती.

मी विचारले, खणणाऱ्यांचे गाव कुठे? स्टार्कींच्या तळाजवळ अल-कुबैबा होते. १९४८ च्या युद्धात ते उठले, माणसे गेली. १९५५ मध्ये जवळच लाखीश नावाचा नवा मोशाव (ज्यू शेतकऱ्यांचे सहकारी गाव) वसला. ती बराच वेळ ‘टाइप करतेय’ दिसत राहिली आणि मग लिहिले, ‘‘आम्हाला तिथे कुणी सांगितले नाही.’’ पुढे काही नाही. मीही विषय वाढवला नाही.

मग तिनेच कंगव्याची बातमी पाठवली. २०१६ मध्ये याच टेकाडात हस्तिदंती कंगव्याचा बोटभर तुकडा मिळाला. धुतला, पेटीत गेला. पाच वर्षांनी संशोधक मॅडेलिन मुमकुओग्लू यांनी तो पुन्हा हातात घेतला तेव्हा त्यावर बारीक अक्षरे दिसली. सतरा अक्षरे, यहूद्यांच्याही कित्येक शतके आधीची, त्या मुलखातल्या जुन्या कनानी भाषेतली: या हस्तिदंताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघोत. जगातल्या जुन्यात जुन्या वर्णाक्षरी वाक्यांपैकी एक, आणि विषय उवा. नातवाला सांगितले तर तो डोके खाजवतच पळाला.

रात्री

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. इनामगावचा आमचा मुकादम. टिकाव जमिनीवर पडला की आवाजावरून सांगायचा, ‘‘बाई, इथनं माती बदलली, थांबा.’’ आणि खरेच तिथे नवा थर लागायचा. वहीत ते माझ्या सहीने नोंदले जाई. त्याचे नाव आठवेना. मैत्रिणीला विचारले. तिने उलट लिहिले की नाव नाही आठवत, पण त्याच्या बायकोने आपल्याला बाजरीची भाकरी आणि खर्डा दिला होता तो दिवस आठवतो, तू पाणी पाणी करत नदीवर पळाली होतीस.

पुण्याला गेल्यावर माळ्यावरची ट्रंक काढायची. हजेरीपटाची एक कार्बन प्रत त्यात असायला हवी.