आवाज तुटतोय, जरा खिडकीत ये

डोंगरात, जंगलात रेंज नसली तर माणूस समजून घेतो हो. पण एवढ्या मोठ्या शहरात, समोरच्या गच्चीवर टॉवर चक्क दिसतोय, मोबाईलवर दांड्या फुल्ल, आणि तरी "हॅलो... अगं तुझं तुटक तुटक येतंय..." आणि कट! हे काही पचत नाही.

एक तर त्या दांड्यांवर फार विसंबू नये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचा सगळ्यांना लागू असा नियमच नाही, ज्यानं त्यानं आपापलं ठरवलेलं. शिवाय टॉवरवर गर्दी किती आहे हे त्या सांगतच नाहीत, म्हणून तर मॅच सुटल्यावर स्टेडियमबाहेर फुल्ल रेंज असून फोन लागत नाही. आणि टॉवर जवळ म्हणजे रेंज भारी असंही नाही, अँटेना दूरवर तोंड करून असतात, बुडाशी दिव्याखाली अंधार. उंच मजल्यावरच्यांची वेगळीच तऱ्हा, त्यांना इतके टॉवर एकदम दिसतात की फोनचाच गोंधळ उडतो. त्यात हल्लीच्या चकचकीत बिल्डिंगच्या काचा, ऊन आत येऊ नये म्हणून त्यांवर धातूचा पातळ थर देतात, तो उन्हासोबत सिग्नलही अडवतो. लिफ्टचं तर बोलायलाच नको, तो सरळ सरळ पत्र्याचा डबा.

मग सुरू होतो तो नाच. फोन कानाला, मान वाकडी, एक पाय बाल्कनीत, "आता? आता येतंय का?" बघणाऱ्याला हसू येतं पण यात तथ्य आहे बरं का. शहरात सिग्नलच्या लाटा भिंतींवर आपटून चहूबाजूंनी येतात, कुठे एकमेकींत मिसळून जोर धरतात, कुठे एकमेकींना मारून टाकतात, आणि मोबाईल वापरतात त्यातल्या १८०० मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण १७ सेंटीमीटर, म्हणजे चार बोटं इकडे सरकलात तरी फरक पडू शकतो! चार बोटं!!

गंमत म्हणजे हातात धरायच्या मोबाईलवरून पहिला कॉल झाला तोच मुळी न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या रस्त्यावर, ३ एप्रिल १९७३ ला. मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी लावला आणि तोही कुणाला, तर स्पर्धक कंपनीतल्या जोएल एंगेल यांना, खिजवायला. असे हातातले मोबाईल तेव्हा लोकांकडे नव्हतेच, गर्दीचा प्रश्नच नाही, मजा होती बुवा.

बाकी सगळं एक वेळ चालवून घेईन, पण कॉल कट झाल्यावरचा घोळ नको. आपण लावावा तर बिझी, कारण तिकडूनही तेच चाललेलं असतं, मग दोघंही शहाणपणानं थांबतात, आणि परत दोघंही एकाच क्षणी लावतात. माझं मत सरळ आहे, ज्यानं आधी लावला होता त्यानंच परत लावावा, दुसऱ्यानं गप्प बसावं. हे मी सगळ्यांना फोनवर सांगून झालंय, पाळत कुणीच नाही, बहुतेक नेमका तेव्हाच आवाज तुटत असणार.