घरापासून पाचशे मीटर

आम्ही राहतो ते ओबू हे जपानमधल्या नागोयाच्या दक्षिणेचं एक मध्यम आकाराचं शहर. आजूबाजूला मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने, त्यामुळे चाकण-पिंपरीकडून आलेली मराठी माणसं या पट्ट्यात अधूनमधून भेटतात. जपानमध्ये मात्र ओबूचं नाव दोन गोष्टींसाठी माहीत आहे. वृद्धापकाळातल्या आजारांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथे आहे, ही एक. दुसरी गोष्ट म्हणजे २००७ मधला एक मृत्यू.

त्या वर्षी डिसेंबरात इथले ९१ वर्षांचे एक आजोबा घराबाहेर पडले. त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, होता. ८५ वर्षांच्या आजींचा काही मिनिटं डोळा लागला, तेवढ्यात. आजोबा ओबू स्टेशनवर गाडीत चढले, पुढच्याच क्योवा स्टेशनला उतरले आणि रुळांवर गेले. गाडीखाली त्यांचा अंत झाला. गाड्यांना उशीर झाला म्हणून रेल्वे कंपनीनं कुटुंबाकडे सुमारे ७२ लाख येन भरपाई मागितली आणि २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयानं ती मंजूरही केली. पंच्याऐंशीच्या बाईनं चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसायचं, असाच त्याचा अर्थ होता. शेवटी १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कुटुंबावर जबाबदारी येत नाही असा निकाल दिला, तेव्हा देशभरातल्या घराघरांनी सुटकेचा श्वास घेतला.

निकालानंतर ओबू नगरपालिकेनं हे प्रश्न आपल्या अंगावर घेतले. २०१७ मध्ये, डिमेन्शियाची धास्ती न बाळगता राहता येईल असं शहर घडवण्याचा स्थानिक कायदाच केला. अशा रुग्णांकडून कुणाचं नुकसान झालं तर त्यासाठी विमा काढला. कुणी हरवलं की नोंदणी केलेल्या नागरिकांच्या फोनवर संदेश जातो. शिवाय २००५ पासून देशभर चालणारा दीड तासाचा एक वर्ग आहे. तो केला की तुम्ही डिमेन्शियाचे ‘सपोर्टर’. दीड कोटीहून जास्त लोकांनी तो केलाय, शाळकरी मुलांनीसुद्धा. मीही केला. गोंधळलेलं वृद्ध माणूस रस्त्यात दिसलं तर काय करायचं, याचे तीन नियम तिथे शिकवतात: दचकवू नका, घाई करायला लावू नका, मान दुखावू नका. मागून हाक मारायची नाही, समोर जाऊन नजरेच्या पातळीवर बोलायचं, आणि एकानंच बोलायचं, घोळका करायचा नाही. आपल्याकडच्या प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनला आणि प्रत्येक रिक्षावाल्याला हे दीड तास मिळावेत असं मला मनापासून वाटतं.

पण हे सगळं आजार झाल्यानंतरचं. माझं लक्ष जास्त वेधलं ते त्याआधीच्या प्रश्नानं. माणूस राहतो तो परिसरच डिमेन्शियाचा धोका वाढवतो किंवा कमी करतो का?

या प्रश्नावर जपानात जे काम झालंय त्याची मुळं ओबूपासून दक्षिणेला पसरलेल्या आमच्या चिता द्वीपकल्पात आहेत. संशोधक कात्सुनोरी कोंदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये इथल्या वृद्धांच्या पाहण्या सुरू केल्या. त्या पुढे देशभर पसरल्या. पद्धत सरळ आहे. पासष्टीपुढच्या हजारो धडधाकट लोकांना प्रश्नावली पाठवायची: घराजवळ काय आहे, कुणाला भेटता, कशात भाग घेता. जपानात २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वजनिक विमा आहे, चाळिशीनंतर प्रत्येकजण त्याचा हप्ता भरतो. मदत लागू लागली की पालिकेकडून तपासणी होते आणि त्यात डिमेन्शियाची नोंद होते. तीन-चार वर्षांनी संशोधक त्या नोंदी प्रश्नावलीशी जुळवून पाहतात.

त्यातून निघालेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संशोधकांनी घरापासून ५०० मीटर किंवा एक किलोमीटरच्या आत अन्नधान्य, भाजीपाला मिळण्याची किती दुकानं आहेत ते पाहिलं. जिथे दुकानं कमी, तिथे पुढच्या तीन वर्षांत डिमेन्शियाचं प्रमाण जास्त आढळलं. वय, उत्पन्न, शिक्षण, आधीचे आजार हे सगळं हिशेबात धरूनही. भाजी आणायला जाणं म्हणजे पायांना चाल, डोक्याला हिशेब, दुकानदाराशी चार शब्द आणि घरी आल्यावर ताजा स्वयंपाक. ही चारही कामं एका फेरीत होतात.

आमच्या घरामागच्या गल्लीत आठवड्यातून दोनदा फिरत्या दुकानाचा छोटा ट्रक येतो. सुपरमार्केट बंद पडलेल्या भागांसाठी तोकुशिमा प्रांतातून २०१२ मध्ये सुरू झालेली तोकुशिमारू नावाची ही व्यवस्था आता देशभर आहे. ट्रकचं गाणं ऐकू आलं की शेजारच्या आजी चार चाकांची ढकलगाडी घेऊन निघतात. बसायची वेळ आली की त्याच गाडीचं त्या बाकडं करतात. ट्रकवाला त्यांना फणा-फणानं केळी दाखवतो, त्या पिकलेली नको म्हणतात, मग मागच्या वेळचा मुळा कसा निघाला हे सांगतात. पर्समधून एक-एक येनची नाणी मोजून देतात, आणि तो अजिबात घाई करत नाही. खरेदी दोनच वस्तूंची असते, पण अर्धा तास सहज जातो. तोवर आणखी तिघीजणी जमतात. एखादी आली नाही तर ट्रकवालाच विचारतो, आज त्या कुठे?

फुटपाथचंही तसंच. शहरी भागात घराभोवतीच्या रस्त्यांना जास्त फुटपाथ असतील तिथे डिमेन्शिया कमी दिसला. ग्रामीण भागात तसा फरक आढळला नाही. हे पटण्यासारखं आहे, कारण खेड्यात चालण्याच्या वाटा वेगळ्याच असतात.

इथे कुणीही विचारेल की, ज्यांची तब्येत मुळात चांगली तेच चालतात, तेच दुकानात जातात, मग श्रेय फुटपाथला कसं द्यायचं? रास्त शंका आहे. अशा पाहण्यांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. म्हणूनच मला ताकेतोयो गावचा प्रयोग भावतो. ओबूच्या दक्षिणेला, याच द्वीपकल्पावर हे गाव आहे. तिथे २००७ पासून पालिकेनं वस्तीवस्तीत वृद्धांसाठी ‘सलोन’ सुरू केले. म्हणजे समाजमंदिरासारख्या जागेत महिन्यातून एक-दोनदा जमायचं. खेळ, व्यायाम, गाणी, हस्तकला, चहा. चालवणारे स्वयंसेवक, त्यातले बरेच स्वतः साठी-सत्तरीचे. जाणारे मुळातच ठणठणीत असतात का, ही शंका दूर करण्यासाठी संशोधकांनी एका अभ्यासात घर ते सलोन हे अंतर वापरलं. घर सलोनजवळ असणं हा काही तब्येतीचा गुण नव्हे. पाच वर्षांनी, सलोनला जाणाऱ्यांमध्ये परावलंबी होण्याची शक्यता निम्म्यावर आलेली दिसली. सात वर्षांच्या पाठपुराव्यात बुद्धी मंदावण्याचं प्रमाणही सुमारे पाव हिश्श्यानं कमी निघालं. यासाठी औषध नाही, यंत्र नाही, चालत जाण्याच्या अंतरावर एक उघडं दार लागलं.

आता आपल्याकडचं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. आणि नेमक्या याच पिढीला आपण पेठांमधून उचलून बायपासच्या कडेच्या टॉवरमध्ये नेतो आहोत. माझे आई-बाबाही पुण्यात कसब्यातून बाणेरला गेले. कसब्यातला अंधारा जिना आणि फुटपाथवर चढणाऱ्या दुचाकी यांचे गोडवे मी गाणार नाही, बाबांच्या गुडघ्यांना लिफ्टची गरज होतीच. पण नव्या घरी भाजी ॲपवरून येते, औषधं ॲपवरून येतात, आणि गेटबाहेर पाऊल टाकलं की सर्व्हिस रोड. बाहेर पडायला कारणही नाही आणि वाटही नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ६६ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७ टक्के जास्त होतं, आणि २०० मीटरपलीकडे हा फरक उरत नव्हता. फ्लॅट घेताना आपण पार्किंग बघतो, वास्तू बघतो. म्हाताऱ्या माणसांची बेडरूम हायवेकडे आहे की आतल्या बाजूला, हे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे सगळं नव्यानं उभारायची गरज नाही. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हास्यक्लब आहेत, भजनी मंडळं आहेत, बागेतले कट्टे आहेत. ताकेतोयोच्या सलोनमध्ये जे चालतं ते आपल्या संघांमध्ये कितीतरी वर्षं चालू आहे. अडतं ते तिथपर्यंत पोचण्यात: रस्ता ओलांडताना, मध्ये टेकायला जागा नसताना, स्वच्छतागृह नसताना.

म्हणून गेल्या भेटीत आईचा हात धरून मी तिच्या गेटपासून पाचशे मीटर चालून पाहिलं आणि वहीत टिपलं. भाजीची गाडी तीनशे मीटरवर, मारुतीचं देऊळ त्याच्या जरा पुढे, दोन्हीच्या मध्ये बसायला काहीच नाही, आणि एका ठिकाणी फुटपाथ ट्रान्सफॉर्मरपाशी संपतो. ती यादी सोसायटीच्या सेक्रेटरींना दिली. देसाईकाका स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यांना जास्त समजवावं लागलं नाही. गेटबाहेर एक आणि वळणावर एक असे दोन बाक सोसायटीच्या खर्चानं बसवायचं सभेत ठरलंय. ट्रान्सफॉर्मरजवळच्या फुटपाथसाठी वॉर्ड ऑफिसला द्यायच्या अर्जावर सध्या सह्या गोळा होताहेत, आणि आई त्यासाठी रोज एकेका मजल्यावर जाते.