राजाला काढलं, मग सम्राट कसा चालला?

आज हर्णैला दिवसभर पाऊस. दुपारी लाईट गेली ती गेलीच. पडवीत पागोळ्या बघत बसलो होतो, तेवढ्यात नववीतली भाची इतिहासाचं पुस्तक घेऊन आली. "मामा, फ्रान्सच्या लोकांनी राजाला काढलं ना? मग परत सम्राट कसा चालला त्यांना?"

संध्याकाळपर्यंत त्याच्यावरच बोलत होतो. १७८९ ला क्रांती झाली तेव्हा नेपोलियन तोफखान्यातला साधा लेफ्टनंट. पुढे उमराव घराण्यांतले कितीतरी अधिकारी देश सोडून गेले, वरच्या जागा रिकाम्या झाल्या. १७९३ ला तुलाँ बंदरावर त्याने तोफा अशा मोक्याच्या जागी नेल्या की इंग्रज आरमाराला बाहेर पडावं लागलं. हे तिला लगेच कळलं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग बघत वाढलेली पोर आहे. २४ व्या वर्षी तो ब्रिगेडियर जनरल झाला.

पण मला खरं कारण तोफा वाटत नाहीत. कागदी नोटा मातीमोल झालेल्या, लोक दंग्यांना कंटाळलेले. आणि सरकार चालवणारे डायरेक्टर! १७९७ ला निवडणुकीचा निकाल आवडला नाही म्हणून त्यांनीच सैन्य बोलावलं, कितीतरी निवडी रद्द केल्या. याचा मला फार राग येतो. नोव्हेंबर १७९९ मध्ये सैनिक पुन्हा सभागृहात शिरले, या वेळी नेपोलियनसाठी. १८०४ ला तो सम्राट.

भाची बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मामा, तेव्हा कुणीच अडवलं नाही?"

अडवलं गं. सभागृहात काही जण त्याच्या अंगावर धावून गेले होते. उद्या तिला तेच सांगायचं आहे, नीट, सावकाश.