उडालेला पत्रा भंगारवाल्याला देऊ नका

एप्रिल-मे मध्ये आपल्या नाशिकला दुपारपर्यंत ऊन भाजून काढतं आणि चारनंतर अचानक धूळ उठते, वारं सुटतं, मग सिडको, पाथर्डी फाटा, मखमलाबाद, कुठेतरी झाड पडतं आणि कुठेतरी पत्रे उडतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि त्याचं वारं पार इथपर्यंत पोचलं, तेही बऱ्याच जणांना आठवत असेल. दरवेळी होतं काय, लोक दुसऱ्याच दिवशी फॅब्रिकेटरला बोलावतात, खिशातून पैसे घालतात आणि विषय संपला. पण होम लोन असलेल्या कितीतरी जणांच्या बँकेच्या फाईलमध्ये घराच्या विम्याची पॉलिसी असते आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. एक मात्र नीट बघा, बँक दोन प्रकारचे विमे देते, एक कर्जदाराच्या जिवाचा आणि एक घराचा. वादळाला दुसराच कामाला येतो.

माझ्या मावशीचं पाथर्डी फाट्याला रो हाऊस आहे, वरच्या खोलीवर स्लॅब नाही, पत्रे आहेत. यंदाच्या वळवात त्यातले बरेच उडाले, दोन तर शेजारच्या पार्किंगमध्ये जाऊन पडले, नशीब खाली कोणी नव्हतं. घराच्या विम्यावर क्लेम टाकला, सर्व्हेअर म्हणजे नुकसान तपासणारा माणूस आला, बघून गेला, आणि विमा कंपनीचं पत्र आलं की पत्रे जुने व गंजलेले होते, नुकसान झिजेमुळे झालेलं आहे. मला हे वाचून खरंच संताप आला, कारण मावशी दर पावसाळ्याआधी वायसर बदलून घेते, डांबर लावून घेते, बिलं जपून ठेवते.

आता मुद्दा नीट समजून घ्या कारण अर्ध्याहून जास्त भांडण इथेच असतं. वादळ, पूर, वीज, भूकंप हे घराच्या विम्यात येतं. गंज, झीज, जुनी गळती याचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे पत्रा वाऱ्याने गेला की आधीच कुजला होता हे ठरवायचं असतं आणि ते पत्र्यावरच लिहिलेलं असतं. मावशीकडचे पत्रे मी हातात घेऊन बघितले. जे-हुकची, म्हणजे पत्रा खालच्या पाइपला धरून ठेवणाऱ्या वाकड्या हुकची भोकं एका बाजूला ओढली जाऊन लांबट फाटली होती, कडा बाहेर वळलेल्या, आणि फाटलेल्या जागी धातू चकाकत होता. गंजून सुटलेल्या पत्र्याचं भोक असं दिसत नाही, त्याच्या कडा तपकिरी, पातळ झालेल्या असतात आणि बोटाने दाबलं तरी तुकडा पडतो. पण ही चकाकी टिकत नाही, फाटलेली कड पावसात राहिली की लगेच लाल पडायला लागते. म्हणून फोटो त्याच दिवशी काढायचे, अगदी जवळून, शेजारी नाणं ठेवून, आणि वाकलेले हुक पिशवीत घालून ठेवायचे. भंगारवाला दारात आला तरी सर्व्हे होईपर्यंत काही द्यायचं नाही!

आणि हो, फोटो पाहिजेत म्हणून घर उघडं ठेवू नका. ताडपत्री टाकाच, पुढचं नुकसान टाळणं ही आपलीच जबाबदारी धरली जाते. आधी फोटो, मग ताडपत्री, आणि तिचं बिल जपून ठेवा.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना द्यावी लागते. त्यात नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत क्लेम फॉर्म द्यायचा असतो, पण कळवायचं मात्र लगेच. कंपाउंड वॉल, पाण्याची पक्की टाकी, सोलर पॅनल हे इमारतीतच धरलेलं असतं, राडारोडा उचलायला क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतात, हे कोणी आपणहून सांगत नाही. गच्चीवर नंतर टाकलेली शेड मात्र पॉलिसीत धरलीये का ते आजच विचारून घ्या, लेखी. तलाठ्याचा पंचनामा वेगळा, तो सरकारी मदतीसाठी असतो, झाला असेल तर कॉपी जोडा पण त्याने विम्याचा क्लेम होत नाही.

आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. मेलमध्ये या तारखा लिहून विचारा, फोनवर बोलत बसू नका. नाही ऐकलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर, आणि तरीही नाही तर विमा लोकपाल. आपल्या नाशिकला पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा वाद चालतो.

मावशीचं तिथपर्यंत गेलं नाही. सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागितली, भोकांचे फोटो आणि वायसर-डांबराची बिलं लावून लेखी हरकत दिली, मग फेरतपासणी झाली आणि छताचा बराचसा खर्च मंजूर झाला. भिजलेल्या गाद्या आणि कपाटाचे काही पैसे मिळाले नाहीत, बँकेने काढलेल्या पॉलिसीत फक्त इमारत होती. रिन्यूअलला घरातलं सामान पण टाकून घ्यायचं ठरलंय, आणि तुमच्या पॉलिसीत ते आहे की नाही हे पॉलिसीच्या तक्त्यात (शेड्यूलमध्ये) दिसेल.